पोथी तपासणारे भोयरकाका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भोयरकाका भुताखेतांच्या पुस्तकांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करतात. लाल पेन्सिलनं, समासात, नेटक्या अक्षरात. ‘वशीकरण’मधला ‘शी’ ऱ्हस्व छापलेला दिसला की त्याच्याभोवती गोल, ‘पिशाच्च’चा एक ‘च’ गळलेला दिसला की तिथे काकपद, म्हणजे राहिलेलं अक्षर घालायची खूण.

चार वर्षांपूर्वी आम्ही नागपूरला धरमपेठेतल्या या इमारतीत राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी असलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

“संध्या, तू शाळेत शिकवतं ना वं? सांग बरं, ज्या माणसाले पिशाच्च धड लिहिता येत नाही, त्यानं बोलावल्यावर पिशाच्च येईन का?”

मी भूगोल शिकवते. पिशाच्चांचा विषय माझ्याकडे नाही, असं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हापासून त्यांनी तपासलेलं प्रत्येक पुस्तक आधी आमच्या घरी येतं आणि मग रद्दीत जातं.

भोयरकाकांनी गांधीबागेतल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली. लग्नपत्रिकांपासून कादंबऱ्यांपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. “छापलं म्हणून खरं होते काय?” हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्तमानपत्रातलं हवामान वाचतानाही ते हेच म्हणतात आणि खिडकीतून हात बाहेर काढून पाहतात.

मात्र नुसती नावं ठेवणं त्यांना पटत नाही. पुस्तकातला विधी ते स्वतः करून बघतात आणि मगच शेरा मारतात. एका पुस्तकात भूत बोलावण्याची रीत होती. अमावास्येच्या मध्यरात्री बसायचं, सात लिंबं आणि काळे उडीद घेऊन. काकांनी वेळ बदलली.

“रात्री काहून? भूत काय नाईट ड्यूटीवर आहे? असंन तर केव्हाही येईन.”

तर ते मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि उन्हाला उतारा म्हणून खिशात कांदा ठेवून गच्चीवर बसले. नागपूरच्या त्या उन्हात भूत आलं असतं तर त्यालाच ऊन लागलं असतं. गच्चीवर माझ्या सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्या म्हणाल्या, “बसलेच आहात तर कावळे हाकला जरा.” काकांनी दीड तास कावळे हाकलले. संध्याकाळी त्या लिंबांचं सरबत अख्ख्या इमारतीला मिळालं आणि पुस्तकात शेरा पडला: ‘भूत आले नाही. कावळे नऊ.’

मागच्या हिवाळ्यात मात्र त्यांना जोडीचा गडी भेटला. बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून त्यांनी काळ्या कव्हरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. नाव ‘कृष्णघटिका’, खाली ‘दोन हजार वर्षांपूर्वीची मूळ पोथी’. अर्ध्या तासात त्यांनी आमची बेल इतकी वाजवली की मला वाटलं गॅस गळतोय.

“हे पाय,” पुस्तक माझ्यापुढे धरत ते म्हणाले. “पान बासष्ट. वाच.”

मृतात्म्याला बोलावण्याचा मंत्र होता. मी वाचला: “ॐ धार्व वगालपु वगाणमधा रानेडब स्वाहा.”

“आता उलटं वाच. एकेक शब्द.”

मी बोट ठेवून मागून वाचत गेले. वर्धा. पुलगाव. धामणगाव. बडनेरा.

काका खुर्चीत बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग सगळी हकीकत कळली. ते छापखान्यात नवे असताना तिथे एक भयकादंबरी छापायला आली होती. तिच्यातल्या नायकाला विहिरीत ‘कृष्णघटिका’ नावाची पोथी सापडते. पोथी लेखकानं मनानं रचलेली. मंत्राची जागा त्यानं कोरी सोडली, नंतर देतो म्हणाला आणि लग्नाला निघून गेला. इकडे मशीन थांबलं. मालक म्हणाले, भोयर, काहीतरी टाका.

“मले शनिवारी सासुरवाडीले जायचं होतं, बडनेऱ्याले. रेल्वेचं टाइमटेबल समोरच होतं. दिली स्टेशनं उलटी करून. तेव्हा सगळे हसले होते वं. आता पाय, माझ्या सासुरवाडीची गाडी दोन हजार वर्षं जुनी झाली.”

म्हणजे कोणीतरी ती जुनी कादंबरी घेतली, तिच्यातली पोथी बाहेर काढली, थोडी वाढवली आणि खरी म्हणून विकायला ठेवली. काका बर्डीला जाऊन पुस्तकवाल्याशी भांडून आले. तो शांतपणे म्हणाला, “काका, लोक घेऊन राहिले, मी देऊन राहिलो. तुम्ही काहून तापता?” मग त्यांनी प्रकाशकाला चार पानी पत्र लिहिलं, सोबत रेल्वेचा नकाशा जोडला. महिनाभरात उत्तर आलं. आपला अभ्यास थोर आहे, आपल्याकडे पोथीचा दुसरा भाग असल्यास अवश्य पाठवावा.

ते पत्र काका येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवायचे. पुढची लाइन अकोल्यापर्यंत जाते, दुसरा भाग सहज होईल, असं वर म्हणायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका रविवारी सकाळी यमुनाबाई आल्या.

मी तेव्हा काकांकडे भाकरी द्यायला गेले होते. रविवारी आमच्याकडे पिठलं-भाकरी असते आणि काकांचं ताट ठरलेलं असतं. दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत ते काळं पुस्तक. शहरातल्या जरीपटका भागातून आल्या होत्या. पुस्तकवाल्यानंच पत्ता दिला होता. या पोथीतलं सगळं कळणारा नागपुरात एकच माणूस आहे, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं.

काका खुलले. “बसा ताई. चूक बरोबर पत्त्यावर आली.”

यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून पान बासष्ट काढलं.

“भाऊ, मी एक्केचाळीस दिवस केलं. पोथीत सांगितलं तसं, फक्त दुधावर राहून. आमचे गेलेले मालक काही आले नाहीत. सपनातही नाही. माझं कुठं चुकलं ते सांगा. उद्यापासून मी पुन्हा एक्केचाळीस दिवस बसणार आहे.”

त्यांच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या.  पाण्याचा पेला मी त्यांच्या हातात दिला, तोही दोन्ही हातांनी धरावा लागला.

काकांनी लाल पेन्सिल उचलली होती. ती त्यांनी खाली ठेवली. रेल्वेचा दुसरा नकाशा भिंतीवर होता, प्रकाशकाचं पत्र टेबलावर होतं, सगळा फड तयार होता. पण ते नुसते यमुनाबाईंच्या बांगड्यांकडे बघत होते. मला भीती वाटली की ते आता काहीतरी गोड खोटं सांगतील आणि या बाई उद्यापासून पुन्हा दुधावर बसतील.

“ताई,” शेवटी ते म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. हा मंत्र मी लिहिला.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. हळू, एकेक गोष्ट, जराही रंगवून नाही. मग एक कोरा कागद घेऊन मंत्र लिहिला आणि त्याच्याखाली तो उलटा लिहिला. यमुनाबाईंनी चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला.

“म्हणजे मी एक्केचाळीस दिवस बडनेऱ्याची गाडी बोलावून राहिली होती?”

“हाव.”

त्यांनी चष्मा काढला. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत, तर त्या हसत होत्या. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता. काकाही हसले, जरा भीत भीत. हसता हसताच यमुनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मात्र थांबलं नाही.

“त्यांना बोलावून काय सांगाचं होतं, ताई?” काकांनी विचारलं.

“काही नाही, भाऊ. साधंच. शेवटच्या दिवशी त्यांनी लोणचं मागितलं होतं. डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं, म्हणून मी दिलं नाही. रागावलीच त्यांच्यावर. म्हटलं, लहान पोरासारखं करू नका. तेवढं सांगाचं होतं, की देऊन टाकलं असतं तर बरं झालं असतं.”

“मग मले सांगा,” काका म्हणाले. “मी फक्त ऐकतो. उत्तर देत नाही.”

यमुनाबाई बोलत राहिल्या. लोणच्यावरून त्यांच्या लग्नावर गेल्या, लग्नावरून नवऱ्याच्या सायकलवर, सायकलवरून त्याच्या घोरण्यावर. काका खाली मान घालून ऐकत होते. पेन्सिलकडे त्यांचा हात एकदाही गेला नाही.

बोलून झाल्यावर यमुनाबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “तुमच्या घरच्या कुठं आहेत, भाऊ?”

“गेली. अकरा वर्षं झाली.” काका टेबलावरचे कागद सारखे करू लागले. “दवाखान्यात होती. दुपारी निरोप आला, आज जरा लवकर या म्हणून. माझ्यासमोर सोळा पानं राहिली होती. म्हटलं, एवढी तपासतो अन् निघतो. पोहोचलो तेव्हा पलंग रिकामा करून राहिले होते. आता मले ते पुस्तक कोणतं होतं, हेही आठवत नाही.”

यमुनाबाईंनी एवढंच विचारलं, “नाव काय होतं त्यांचं?”

“सुमन.”

समोरासमोर दार असून, रोज येणंजाणं असून, हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी दोन ताटं केली. पिठलं अजून गरम होतं. यमुनाबाई आधी नको म्हणाल्या, सवय राहिली नाही म्हणाल्या. मग त्यांनी भाकरीचा पापुद्रा काढला, पिठल्याला लावला आणि काकांकडे पाहिलं. काका नुसतेच ताटाकडे बघत बसले होते.

“जेवा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवल्याशिवाय मी कशी जेवू?”

काकांनी घास घेतला. मग यमुनाबाईंनीही घेतला.