शाल एक, रंग जांभळा

"गादी पिंजून आली बघा," हरणाबाई म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारपास्नं दुपारी हितं झोपायचं. कोण बी आलं तर मी सांगणार, मालक झोपल्यात."

नाथाजी खराड्यांनी गादीवर हात फिरवला. इस्लामपूरच्या पिंजाऱ्यानं ती अशी फुगवून दिली होती की हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांना एकदम भरून आलं.

त्याचं असं होतं की छत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारून नाथाजी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी आयुष्याचा एकच बेत केला होता: दुपारी झोपायचं. फार मोठा बेत नव्हता. पण निवृत्तीच्या नवव्या दिवशी हंबीरराव घरी आले, दोन कप चहा प्याले आणि जाताजाता नाथाजींना 'निवृत्त स्नेही मंडळा'चे सेक्रेटरी करून गेले. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. गुरुवारी दुपारी तीनला सभा. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव पूर्वी कॅनॉलचे ओव्हरसियर होते तेव्हा तीनला साइटवर जायचे, म्हणून सभा तीनला. शुक्रवारी सभेचा वृत्तांत लिहायचा, शनिवारी त्यात आपलं बोलणं नीट आलंय का ते बघायला एकेक सभासद यायचा, सोमवारी पुढच्या सभेची नोटीस घरोघर फिरवायची, आणि मंगळवारी ज्यांना नोटीस उशिरा मिळाली ते भांडायला यायचे. सगळे दुपारीच. माणसं नोकरीतून निवृत्त झाली होती, पण सवयीतून कोणी झालं नव्हतं.

आता मात्र सुटका दिसत होती. नवे सेक्रेटरी म्हणून दादासो जाधवांची निवड झाली होती, आणि मार्चच्या शेवटच्या गुरुवारी नाथाजी त्यांना चार्ज देणार होते.

चार्ज हा शब्द दादासोंच्या तोंडून ऐकावा. ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. एकदा बदलीच्या गावी चार्ज घेताना एक टाचणीची डबी सापडेना, तर त्यांनी आधीच्या कारकुनाला तीन दिवस गाव सोडू दिलं नव्हतं, असं ते अभिमानानं सांगायचे. त्यात मंडळाचा नियम असा की एकतीस मार्चच्या आत चार्ज पुरा झाला नाही, तर जुना सेक्रेटरी आणखी दोन वर्षं राहील. हा नियम नाथाजींनीच पहिल्या वर्षीच्या उत्साहात लिहिला होता. आता तो वाचला की त्यांना स्वतःच्या अक्षराचा राग यायचा.

तर त्या शेवटच्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी नाथाजी सामानाचं रजिस्टर घेऊन बसले. खुर्च्या चौदा, हजर. सतरंजी एक, हजर. पितळी घंटा एक, हजर. शाल एक, रंग जांभळा.

शाल नव्हती.

मंडळात सत्काराला एकच शाल होती. हाफिजभाई बागवानांनी, म्हणजे ज्यांच्या लोकरी-घोंगड्यांच्या दुकानाच्या माडीवर मंडळ भरायचं त्यांनी, ती पहिल्याच वर्षी दिली होती. मोतीबिंदू काढला, नातू मॅट्रिक झाला, एकसष्टी झाली, काहीही निमित्तानं सत्कार व्हायचा, आणि प्रत्येक सभासदाला रीत ठाऊक होती: शाल पांघरायची, दोन शब्द बोलायचे, चहा प्यायचा आणि जाताना शाल घडी करून खुर्चीवर ठेवायची. नारळसुद्धा आतून खुळखुळायला लागेपर्यंत तोच चालायचा.

पण गेल्या गुरुवारी हंबीररावांना वाटलं की आपण आपलेच सत्कार फार केले, आता बाहेरचा माणूस बघावा. मग हाफिजभाईंच्या ओळखीतला माण तालुक्यातला मेंढपाळ धुळा, ज्याच्या मेंढ्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं, तो सत्काराला आला. त्याला बिचाऱ्याला रीत कुठली माहीत असणार? त्यानं शाल अंगावर घेतली, सगळ्यांच्या पाया पडला आणि शालीसकट एस.टी.त बसून गेला.

नाथाजी हाफिजभाईंकडे धावले.

"नवी घेऊ या का गुपचूप?" नाथाजींनी विचारलं.

"घ्या की. पण त्या शालीला चहाचा एक डाग हाय, हंबीररावांच्या हातनं पडलेला. दादासोंनी रजिस्टरात लिहून घेतलाय, डाव्या कोपऱ्यात, पैशाएवढा." हाफिजभाईंनी मान हलवली. "मास्तर, तुमी माणात जावाच."

मंगळवारी सकाळी नाथाजी निघाले. इस्लामपूर ते कऱ्हाड, कऱ्हाड ते वडूज, वडूज ते दहिवडी. मार्चचं ऊन, आणि गाडीच्या खिडकीला काच नव्हती तिथं पत्रा होता, तो तापलेला. दहिवडीत रात्री धर्मशाळेत पाठ टेकली, ढेकणांनी ती उचलली. बुधवारी पुढे वाडीपर्यंत चालत. वाटेत झाड म्हणावं असं एकच होतं, त्याखाली आधीच मेंढरं बसली होती आणि त्यांनी नाथाजींना जागा दिली नाही.

धुळाच्या घरात शिरल्या शिरल्या शाल दिसली. समोरच्या भिंतीला, बक्षिसाच्या कागदाशेजारी, खुंटीवर नीट पसरून लावली होती. डाव्या कोपऱ्यात डाग. नाथाजींना ती शाल सख्ख्या माणसासारखी वाटली.

"आवं साहेब, तुमी? आन् एवढ्या उनाचं?" धुळा उठून उभा राहिला. "बने, पानी आन. आवं बसा की. काय काम काढलंसा?"

आता हे सांगायचं कसं? सत्कार परत द्या, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? वाटेत नाथाजींनी चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही बाहेर येईना.

"काम असं काय न्हाई," ते म्हणाले. "सहज आलो. म्हटलं, बरं हायसा का बघावं."

धुळाची बायको बनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली.

"सहज?" धुळा म्हणाला. "इस्लामपुरास्नं?"

"व्हय."

"लय जनांनी सत्कार केला साहेब. सभापती झालं, साखर कारखान्यावालं झालं. पर सत्कार केल्यावर मागनं इचाराया आलेला मानूस आजपतूर बगितला न्हाई."

तासाभरात वाडी गोळा झाली. नाथाजींना बाजेवर बसवलं, कपाळाला गुलाल लावला. एक म्हातारा बोलायला उभा राहिला आणि पोस्टातल्या माणसांविषयी फार चांगलं बोलला, कारण मुंबईला गेलेल्या त्याच्या पोराचं पत्र पोस्टानंच यायचं. मग धुळानं खुंटीवरची शाल काढली. वाडीत दुसरी शाल नव्हती. ती त्यानं नाथाजींच्या खांद्यावर घातली.

नाथाजींनी डोळे मिटले. न मागता, न लाजता, काम फत्ते. ते दोन शब्द बोलले, त्यांनी चहा घेतला, हात जोडले आणि दहिवडीची वाट धरली.

गाडी सुटायला पाच मिनिटं असताना त्यांनी खांद्यावर हात नेला.

शाल नव्हती. सहा वर्षांची सवय. चहा झाल्याबरोबर हातांनी आपलं काम केलं होतं: शाल काढली होती, व्यवस्थित चौघडी घातली होती आणि बाजेवर ठेवली होती.

नाथाजी तसेच खिडकीच्या पत्र्याला डोकं टेकून बसले. परत जावं तर गाडी चुकणार, गाडी चुकली तर गुरुवार चुकणार, गुरुवार चुकला तर दोन वर्षं. त्यांना रडावंसंही वाटेना. रडायलाही थोडी झोप झालेली लागते.

तेवढ्यात स्टँडवर धूळ उडाली आणि त्यातून धुळा पळत आला. एका काखेत शाल, दुसऱ्या काखेत कोकरू.

"साहेब, चुकलं आमचं," तो धापा टाकत म्हणाला. "नुसतीच शाल घातली, म्हनून ठिवून आलासा न्हवं? बनी म्हनली, रीत कळंना तुमाला. ही घ्या. बक्षिसाच्या मेंढ्याची लेक हाय."

"आवं न्हाई धुळाबा, तसं काय न्हाई, मला खरंच नुसती शाल—"

"न्हाई म्हनू नगासा. दोनी घ्या न्हाईतर दोनी ठिवा."

नाथाजींनी दोन्ही घेतली.

"हे मांडीवर ठेवायचं," कंडक्टर म्हणाला. "खाली सोडलंसा तर दोघांस्नी उतरवीन." मग कोकरू शालीत गुंडाळून नाथाजी वडूजला आले, आणि पुढं गाडी नव्हती म्हणून रात्रभर स्टँडच्या बाकावर त्याला धरून बसले. ते आईसाठी ओरडत होतं. सकाळी कऱ्हाड, दुपारी इस्लामपूर. गुरुवारी तीनला पाच कमी असताना ते हाफिजभाईंच्या दुकानाचा जिना चढले. तीन दिवसांत ते कुठंच झोपले नव्हते.

दादासो चष्मा पुसून तयारच होते.

"खुर्च्या चौदा. हजर. सतरंजी एक. हजर. घंटा एक." त्यांनी घंटा वाजवून पाहिली. "हजर. शाल एक, रंग जांभळा."

नाथाजींनी मांडीवरचं गाठोडं सोडलं आणि शाल पुढं केली. आतनं कोकरू उभं राहिलं आणि सभेकडे बघून ओरडलं.

"हे कोण?" अध्यक्षांच्या खुर्चीतून हंबीररावांनी विचारलं.

नाथाजींनी सगळं सांगितलं. दादासोंनी डाग तपासला, शालीचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि रजिस्टरावर पेन्सिल टेकवली.

"म्हंजे शाल आन् कोकरू एकदमच दिलं?"

"व्हय. दोन्ही घ्या न्हाईतर दोन्ही ठेवा म्हणाला."

"आन् तुमी माणात गेलतासा ते घरच्या कामाला का मंडळाच्या?"

"मंडळाच्याच की. माझं काय हाय तिथं?"

"मग मंडळाच्या कामात जे मिळालं ते मंडळाचं. शाल मंडळाची तशी मेंढी बी मंडळाची." दादासोंनी पेन्सिल खाली ठेवली. "पर मी हिचा चार्ज घेणार न्हाई."

"का रं दादासो?" हाफिजभाई म्हणाले.

"भाई, मी सही करायची किती वजनाच्या मेंढीवर? आज हाय तेवढी उद्या न्हाई. पावसाळ्यात दुप्पट हुईल. माझ्या हातात मेली तर कोण जबाबदार? आन् व्याली तर? एक घेतली हुती, दोन कुठनं आली म्हणून मलाच इचारणार."

"मग कोकरू सोडून बाकीचा घ्या," नाथाजी हळूच म्हणाले.

"अर्धा चार्ज? माझ्या सबंध नोकरीत मी अर्धा चार्ज घेतला न्हाई मास्तर."

हंबीररावांना हे ऐकून फार बरं वाटलं. असा मुद्दा मंडळात कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. ते बोलायला उभे राहिले. मग दुसरे उभे राहिले. कॅनॉलवर एकदा सरकारी बैल होता त्याची नोंद कशी केली होती, तिथपर्यंत गोष्ट गेली. माडीवर वारा चांगला होता. नाथाजींनी शाल खांद्यावर ओढली, कोकरू पायाशी बसलं, आणि बैलाच्या चाऱ्यापाशी केव्हातरी त्यांचे डोळे मिटले.

टाळ्यांनी त्यांना जाग आली. साडेपाच वाजले होते.

"एकमतानं," हंबीरराव म्हणत होते. "जिवंत वस्तूचा चार्ज कसा द्यायचा, यावर तिघांची समिती. तिचं ठरंपर्यंत नाथाजीरावच सेक्रेटरी. सत्कार बी झाला समजा, शाल अंगावर हायच."

सभा उठली. दादासो नाथाजींच्या शेजारून जाताना हलकेच खोकले आणि जिन्याकडे जरा घाईनं गेले. नाथाजींना पहिल्यांदाच वाटलं की या माणसानंही दुपारच्या झोपेचा बेत केलेला असावा.

"मास्तर, मी उठवणार हुतो," हाफिजभाई त्यांच्या कानाशी म्हणाले. "मताच्या येळंला हात बी धरला तुमचा. पर लय गाढ झोपला हुतासा. म्हटलं, असू दे."

नाथाजींनी शालीची चौघडी घातली, ती खुर्चीवर ठेवली आणि कोकरू काखेत घेऊन जिना उतरले.

हरणाबाई दारातच होत्या. "दिलासा चार्ज?"

"झोप झाली," नाथाजी म्हणाले.

"आन् हे काय?"

"ही पुढची दोन वर्षं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वृत्तांत लिहायला रजिस्टर घेऊन नाथाजी आतल्या खोलीत आले, तेव्हा पिंजलेल्या गादीच्या बरोबर मधोमध कोकरू झोपलं होतं. दारात कुणीतरी हाक मारली, तर हरणाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "झोपलंय ते. मालक जागंच हाईत, या."