एकतीस जणींची साखर

लासूर स्टेशनजवळच्या एका उपकेंद्रातले आरोग्य सेवक बद्रीनाथ यांना वरून आदेश आला, की प्रत्येक गरोदर महिलेस ग्लुकोजचे पाणी पाजावे, दोन तास बसवून ठेवावे, नंतर बोट टोचून साखर मोजावी आणि यंत्रावरील आकड्याचा फोटो पोर्टलवर चढवावा. उद्दिष्ट एकतीस. मुदत महिनाअखेर.

पहिल्याच दिवशी मनकर्णा आली. "दोन घंटे बसून ऱ्हाऊ? माझा कापूस तुमी येचता का?" असं विचारून निघून गेली. बाकीच्या तीस जणींनी तेवढंही विचारलं नाही.

बद्रीनाथ कर्तव्यदक्ष माणूस. पोर्टलला फोटो पाहिजे, फोटोला आकडा पाहिजे, आकड्याला रक्त पाहिजे. आणि रक्त, देवाच्या दयेनं, त्यांच्याही अंगात होतं. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. एकशे चौदा. नॉर्मल! महिनाभरात दहा बोटांवर एकतीस जणी उरकल्या. एकट्या करंगळीवर तिघी बसल्या. ग्लुकोजची पाकिटं आल्यागेल्याच्या सरबतात गेली.

मात्र जबाबदारी वाढली. गावातल्या गरोदर बायांची साखर ताब्यात राहावी म्हणून बद्रीनाथांनी जिलबी सोडली, चहा बिनसाखरेचा केला, पहाटे तीन किलोमीटर चालणं सुरू केलं. उपकेंद्र जिल्ह्यात पहिलं आलं. सत्कारातला पेढाही त्यांनी नम्रपणे नाकारला.

पुढच्या महिन्यात लेक द्वारका बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिचंही नाव नव्या यादीत चढलं. घरचीच पोर, निवांत तपासू म्हणता म्हणता मुदत संपत आली आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटावर तिचीही सोय लागली.

"अहो, पोरीला घागरभर पाणी पुरंना," सारजाबाई एक दिवस म्हणाल्या. "तिचं पयलं लेकरू पोटात असंच लई मोठं झालं अन् हाती लागलं नाय. तिला तरी खरंखरं तपासा." नवऱ्याच्या बोटांना रोज मलम त्याच लावत होत्या.

बद्रीनाथ धावत उपकेंद्रात गेले. तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या. सगळ्या त्यांच्याच बोटांनी संपवल्या होत्या.

द्वारकाला घेऊन ते शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले, तिथं खिडकीवरच्या शफीकनं संगणकात पाहिलं. "काका, हिची तपासणी झालीय. एकशे चौदा. फोटो भी है."

"ती खोटी आहे."

"कोण म्हणतं? बद्रीनाथ साहेबांनी केलीय. जिल्ह्यात पयला नंबर है उनका."

"मीच बद्रीनाथ."

शफीक उठून उभा राहिला, हात जोडले. "मग तर शंकाच नाय!"

बद्रीनाथांनी दहाही बोटं खिडकीवर पसरली. शफीकनं वाकून बोटांवरची भोकं बघितली. मग हळूच म्हणाला, "एंट्री मिटत नाय, काका. चितेगावच्या सगीराची तपासणी बाकी है. तिच्या नावावर हिला पाजू?"

द्वारका ग्लुकोजचं पाणी प्यायली. बद्रीनाथ शेजारी बसले, आणि दोन तास किती मोठे असतात ते त्यांना नोकरीत पहिल्यांदाच कळलं. आकडा आला दोनशे बारा. डॉक्टरीणबाईंनी लगेच औषधपाणी सुरू केलं. "वेळेत आलात, बाळ वाचेल," म्हणाल्या. बद्रीनाथांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

कागदोपत्री द्वारका आजही ठणठणीत आहे. गूळ खाऊ नका म्हणून फोन जातो तो चितेगावच्या सगीराला.

तुमच्या घरच्या लेकीसुनांचा रिपोर्ट नॉर्मल आलाय ना? अभिनंदन. बद्रीनाथांची तब्येत सध्या उत्तम आहे.