नाना सरांची पांढरी वांगी

मी पहिल्यांदा उखा नानांच्या चित्रकलेच्या वर्गात डोकावलो, तेव्हा ते वांग्याला चुना लावत होते. भरताचं, चांगलं हातभर वांगं. शेजारी चुना फासलेली रावेरची केळी, चुना फासलेला तांब्या. मी दारातच थिजलो. आमच्या घरात वांगं म्हणजे जेवण. त्याची भिंत करणारा माणूस मी बघितलाच नव्हता.

"रंग फसवतो, भाऊ," नाना म्हणाले. "पोरगं जांभळं बघतं अन् सावली विसरतं. बठ्ठं, सगळंच पांढरं करा, मग उजेड कुठून येतो ते कळतं."

धुळ्याजवळच्या या शाळेत मी गणित शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. नाना सोनगीरचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांच्या लेखी माणसं म्हणजे पेन्सिली. हेडमास्तर सिक्स-बी, जरा टेकले की काळं. शिपाई अक्का एचबी, कुठंही चालते. माझ्याकडे त्यांनी एक डोळा मिटून बघितलं.

"तू टू-एच शे. कडक. पण उमटत नाहीस."

पदवीधर माणसाला असं बोलतात?

वर्गात ते पोरांच्या मागून मांजरासारखे फिरत. "आरं, तुझं वांगं हवेत उडी राह्यनं! खाली सावली दे, बसव त्याला." कुणी शेडिंग बोटानं पुसलं की किंचाळत, "बोट जेवायला ठेव! पेन्सिलीला काम करू दे!" हेडमास्तर मात्र वैतागलेले. "नाना, पोरं परीक्षेत रंग काय कपाळाला लावणार? रंग शिकवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

आणि एका सकाळी माझा कप गेला.

पदवी मिळाली तेव्हा गावानं मला स्टेजवर बोलावून दिलेला सोनेरी कप. आई तो दर दिवाळीला पदरानं पुसायची. मी तो स्टाफरूममध्ये, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. तो मला सापडला नानांच्या टेबलावर, दोन वांग्यांच्या मधे. पांढराफटक.

"नाना!"

"आकार फार झ्याक शे रे त्याचा," नाना कौतुकानं म्हणाले.

मी कप धुतला. चुन्याबरोबर सोनेरी मुलामाही निघाला. रविवारी आई येणार होती. मी सगळ्या स्टाफसमोर ओरडलो, "मला माझा कप सोनेरी पाहिजे!" नानांनी मान खाली घालून तो घरी नेला.

शनिवारी त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. दोन हात दिलेला, चकचकीत.

पोपटी.

अक्का पदर तोंडात कोंबून हसत बाहेर पळाली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं सूड घेतला. पण नाना माझ्याकडे अपेक्षेनं बघत होते, वही तपासायला दिलेल्या पोरासारखे. "जमला ना? तस्साच झाला ना?"

मी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"नाना, कोणता रंग दिलात?"

त्यांनी कपाकडे बघितलं, मग दाराकडे, जिथून अक्काचं हसू येत होतं.

"पेटीतल्या रंगांवर नावं असतात," ते हळू म्हणाले. "या डब्यावर नव्हतं. माले लहानपणापासून पिवळं अन् हिरवं सारखंच दिसतं, भाऊ. घरी बी कोणाले सांगितलं नाही."

तेवढ्यात हेडमास्तर आले. "अरे, हा काय अवतार? हा रंग कोणी दिला?"

नानांचे ओठ पांढरे पडले.

"मीच सांगितला," मी म्हणालो. "मला पोपटी आवडतो."

"वा! पदवीधराची आवड!" हेडमास्तर हसत गेले. आता महिनाभर स्टाफरूममध्ये माझं नाव पोपट आहे. असू दे.

रविवारी सकाळी नाना माझ्या खोलीवर आले, दारातूनच एक कागद देऊन गेले. नुसत्या पेन्सिलीनं काढलेला माझा कप. चुना लावण्याआधी कितीदा बघितला असेल त्यांनी तो कप, देव जाणे. काठावर उजेडाची बारीक पट्टी, पोटावर चढत गेलेला अंधार, खाली पक्की बसलेली सावली.

दुपारी आई आली. पोपटी कप मी कपाटात लपवला होता. मी भिंतीवर लावलेल्या नानांच्या कागदासमोर ती थांबली. पदराचं टोक हातात घेऊन जवळ गेली, आणि पुसता पुसता थबकली.

"आरे, तोच कप शे ना?" ती म्हणाली. "कसा पिवळा चमकी राह्यना!"