तीन बटणांची पेटी

सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहून सांगावं, तर बोटं संधिवाताने आखडलेली. जावई इंजिनिअर, मोजक्या बटणांच्या यंत्रांवर मजकूर कसा लिहायचा, हेच त्याचं काम. त्याने तीन बटणांची पेटीच करून आणली. पहिल्याने अक्षरं पुढे सरकवायची, दुसऱ्याने हवं ते निवडायचं, की उरलेला शब्द पेटी ओळखून मोठ्याने बोलायची. तिसरं पुसायचं, पण बोललेलं पुसणार कसं? शिवाय घाईत जावयाने पेटीला शब्द शिकवले होते, ते स्वतःच्या ऑफिसच्या पत्रांतून.

पहिल्याच दुपारी सासूबाईंना चहाची तल्लफ आली. त्यांनी ‘च’ निवडला.

“चर्चा!” पेटी खणखणीत आवाजात म्हणाली.

सासरे पेपर टाकून उठले. चाळीस वर्षांत बायकोने चर्चा कधी केली नव्हती. थेट निकालच द्यायची. “कसली चर्चा गं?”

सासूबाईंनी वैतागून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. सासऱ्यांचा चेहरा पडला.

“कळलं वाटतं तुला! हो, तुझी चिनीमातीची किटली माझ्याच हातून फुटली. मांजराचं नाव मी उगाच घेतलं.”

त्या बिचाऱ्या मांजराचं दूध महिनाभर बंद होतं! सासूबाईंनी तावातावाने ‘म’ निवडला.

“मंजूर!”

“इतक्यात माफ केलंस?” सासऱ्यांना भरून आलं. “मग ऐकच. तुझा भाऊ आला की मी आंघोळीला जातो ना? ती आधीच झालेली असते गं.”

तेवढ्यात मुलगी आत आली. सासूबाईंना आता पाणी हवं होतं. त्यांनी ‘प’ निवडला.

“पडताळणी!”

मुलगी जागीच थिजली. “आई, तू विणलेला स्वेटर हरवला नाही गं. टोचायचा, म्हणून मी देऊन टाकला.”

आठवडाभर हेच चाललं. जो तो पेटीसमोर येऊन मन मोकळं करून जाई. नवव्या दिवशी जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला.

“आई, चूक माझीच. हिला फक्त ऑफिसचे शब्द येतात. द्या इकडे, घरातले भरतो.”

सासूबाईंनी दार लोटून घेतलं.

“हळू बोला, जावईबापू,” त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. “डॉक्टरांनी मला परवाच बोलायची परवानगी दिलीय.”

“मग पेटी?”

“राहू द्या तशीच. उद्या तुमच्या आई येतायत.”

जावयाने पेटीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“त्यापेक्षा,” तो म्हणाला, “तिच्याआधी मीच सांगतो सगळं.”