वसंतभाऊंचा उलटा लॅपटॉप

आमच्या शेजारचे वसंतभाऊ उभ्याउभ्या बिलं करतात. म्हणजे करायचे. कंपासपेटीएवढा एक लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांत धरायचा आणि दोन अंगठ्यांनी टकटक करत राहायचं. हिंगणीला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या मामाचं बिल केलं होतं. लोक अक्षता टाकत होते, हे बिलात नळाच्या तोट्या टाकत होते.

दुकान वर्ध्यात, पाइप आणि मोटरपंपांचं. भाऊंचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, रमेशचं. भाऊंनी लग्न केलं नाही, राहतात रमेशच्याच कुटुंबात. "आमच्या दादानं बायकोच्या जागी लॅपटॉप केला," असं रमेश गिऱ्हाइकांसमोर सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

हा लॅपटॉप कोणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. टचपॅड एरवी खाली मधोमध असतं, तर ह्याचं वर उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं. क्लिकची बटणं पार डाव्या कोपऱ्यात. उजव्या अंगठ्यानं बाण हलवायचा, डाव्यानं दाबायचं. आकडे ओळीत नाहीत, फोनसारखे एकाखाली एक. कोणी हात पुढे केला की भाऊ शांतपणे म्हणायचे, "तुले नाई जमत."

आणि खरंच जमायचं नाही. रमेशनं एकदा हट्टानं घेतला, तर बिल निघण्याऐवजी पडदाच आडवा झाला.

मला भाऊ एकदा म्हणाले, "साधा घेतला असता तं कोणीई बसला असता माह्या खुर्चीवर. हा हाये तोवर मले कोण उठवते?" हसत बोलले, पण त्यांनी तो लॅपटॉप विचार करूनच निवडला होता.

उठवलं सुनेनं. रमेशच्या मुलाचं लग्न झालं, पल्लवी घरात आली. शिकलेली, बोलायला गोड. तिनं एका दुपारी दुकानातला सगळा माल फोनवर चढवला. संध्याकाळी रमेश बिलं करत होता, नोकरही करत होते. पल्लवी म्हणाली, "मोठे बाबा, आता तुम्ही आराम करा." इतक्या गोडीनं कोणी बाहेर काढलं की माणसाला भांडायचीही सोय राहत नाही.

भाऊ तरी जात राहिले. मग दुकानात नवं काउंटर आलं आणि त्यामागे खुर्ची एकच ठेवली. मी नळ घ्यायला गेलो तेव्हा भाऊ गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले होते. नव्या नोकरानं त्यांना अदबीनं विचारलं, "काका, तुमाले काय दाखवू?"

रमेशनं ते ऐकलं. फोनवरून मान वर केली नाही.

भाऊ उठले, चप्पल घातली आणि निघाले. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले.

"बस. तुले शिकवतो."

मी शाळेत चित्रकला शिकवतो. म्हटलं, "भाऊ, माह्यं काय काम हाये त्यावर?"

"काम कायले पायजे? बस."

बसलो. माझा अंगठा सवयीनं खाली जायचा. ते तो धरून वर त्या तिकिटाएवढ्या टचपॅडवर नेऊन ठेवायचे. हात थंडगार होता त्यांचा. "हळू. बाण पळून नाई जात," म्हणायचे. दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसणारा हा माणूस माझ्यावर एकदाही चिडला नाही.

आता रोज येतात. मला ते कधीचंच जमलंय, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. अंगठा चुकवत राहतो. जेवायची वेळ झाली की बायको थोडी थांबते, कुंपणापलीकडून भाऊंना हाक येते का बघते. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होतात, ताटं वाजतात, टीव्ही लागतो.

मग ती आमच्याकडे तिसरं पान वाढते.