विहिणींचं विमान

गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ऑपरेटरबाई गुडघ्याच्या व्यायामाला म्हणून घरातून निघाल्या. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे शिवणबाई अस्तराचं कापड आणायला म्हणून निघाल्या. पंधरा मिनिटांनी दोघी एकाच स्कूटरवरून बंद पडलेल्या काचकारखान्यामागच्या मैदानात हजर होत्या. जुन्या चादरीत गुंडाळलेलं लांबलचक बोचकं मागे बसलेल्या ऑपरेटरबाईंनी मांडीवर आडवं धरलं होतं. बोचक्यात विमान होतं.

ऑपरेटरबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली होती. शिवणबाई अजूनही घरी शिवणक्लास चालवत. ऑपरेटरबाईंचा मुलगा शिवणबाईंचा जावई, म्हणजे दोघी एकमेकींच्या विहिणी. लग्नात फोटो काढताना मधे कोणी उभं राहायचं यावरून दोघींची जी जुंपली, ती फोटोग्राफरनं कॅमेरा मिटून ठेवेपर्यंत. तेव्हापासून या दोघींचं जमत नाही, हे दोन्ही घरांनी पक्कं धरून ठेवलं होतं. मुलाच्या वाढदिवसाला त्याच्याकडेच राहणाऱ्या ऑपरेटरबाई दुपारी जेवून बाहेर निघून जायच्या आणि शिवणबाई संध्याकाळी यायच्या. मधल्या वेळात सूनबाई उंबऱ्यात उभी राहून पहिली वाटेतून दूर झाली की नाही ते बघायची.

प्रत्यक्षात दोघींचं सूत जमून दीड वर्ष झालं होतं. मुलानं हौसेनं रिमोटवर उडणारं विमान आणलं, पहिल्याच दिवशी ते भिंतीवर आदळलं आणि मोडके तुकडे माळ्यावर फेकून तो म्हणाला, "आई, हे मेलं. भंगारात दे." ऑपरेटरबाईंना वाईट वाटलं. त्यांनी ते खाली काढलं, फळकुटं चिकटवली, पण पंखावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा इस्त्रीनं चिकटवायचा असतो, तो काही त्यांना जमेना. सुरकुत्याच सुरकुत्या. बरं, उभ्या गावात सुरकुती न पाडता इस्त्री फिरवणारी बाई एकच. मनाचा हिय्या करून त्या विहिणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शिवणबाईंनी पंख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर बिनबाह्यांचं पोलकं! द्या इकडे."

तिथून पुढे गुरुवार ठरून गेला. घरी सांगायचं मात्र दोघींनी टाळलं. एक तर मुलं हसतील. आणि दुसरं म्हणजे, 'जमत नाही' हे फार सोयीचं होतं. दोघींना मिळून एखादं काम सांगायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवशी विमानात एक नवीन वस्तू होती. मागच्या आठवड्यात मॉडेलच्या दुकानदारानं काड्यापेटीएवढी एक डबी दिली होती. "वाऱ्यानं विमान एका बाजूला कललं की ही डबी आपली आपण ते सरळ करते," तो म्हणाला होता. "आणि हे लाल बटण वर केलंत की विमान कुठेही असो, घरी परत येणार. फक्त उडवायच्या आधी त्याला घर ठरवून द्या."

वारा बऱ्यापैकी होता. एरवी अशा वाऱ्यात विमान झोकांड्या खायचं. आज ते वर गेलं आणि रेघ मारल्यासारखं सरळ उडत राहिलं. वाऱ्याचा झोत आला की पंख जरासा कलायचा, आणि कुणीतरी खांदा धरून सरळ करावं तसा पुन्हा जागेवर यायचा.

"विहीणबाई, बघा हो! कडक इस्त्रीतलं विमान!" शिवणबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. "आता मला द्या."

"थांबा, एक फेरी."

"मघाशीही एकच म्हणालात. चार झाल्या!"

"मोजताय कशाला?"

"मापं घेणारी बाई आहे मी, मोजणारच!" असं म्हणत शिवणबाईंनी रिमोटला हात घातला. ऑपरेटरबाईंनी तो छातीशी ओढला. या ओढाताणीत कुणाचा तरी अंगठा लाल बटणावर गेला.

विमानानं नाक वर केलं. जरा उंच चढलं, गर्रकन वळलं आणि कारखान्याच्या धुराड्यावरून सरळ गावाच्या दिशेनं निघून गेलं. कुठे जायचं ते त्याला पुरतं ठाऊक असावं, अशा ऐटीत.

दोघींच्या तोंडाचा आ झाला.

"कुठे चाललंय ते?" शिवणबाईंनी विचारलं.

"घरी. लाल बटण वर झालं."

"पण मग इथे यायला पाहिजे! दुकानदार म्हणाला होता, मैदानात पोचल्यावर घर ठरवा."

"मैदानात? तो नुसतं 'घर ठरवा' म्हणाला."

"मग तुम्ही कुठे ठरवलंत?"

"घर म्हणजे घर, विहीणबाई!" ऑपरेटरबाईंचा आवाज चिरकला. "सकाळी गच्चीतल्या टेबलावर ठेवून ठरवलं!"

शिवणबाई ओरडल्या, "बटण खाली करा! खाली करा आधी!"

ऑपरेटरबाईंनी बटण खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. पण विमान एव्हाना एवढं लांब गेलं होतं, की रिमोटचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. "लाइन तुटली," त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाल्या.

शिवणबाईंनी स्कूटरला किक मारली. ऑपरेटरबाई मागे बसल्या, एका हातानं विहिणीची कंबर धरली आणि दुसऱ्या हातात रिमोट उंच धरला. सिग्नलला उभ्या असलेल्या बसमधले सगळे प्रवासी खिडक्यांना नाकं लावून बघत राहिले.

"घरी कुणी नाही ना?" शिवणबाईंनी ओरडून विचारलं.

"कुणी नाही! दोघंही ऑफिसात आहेत! आपण जायचं, उचलायचं, चादरीत गुंडाळायचं!"

दोघं ऑफिसात नव्हते. मुलानं आणि सूनबाईनं खोटं सांगून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, कारण गुरुवारी सकाळी आई व्यायामाला जाते आणि घर मोकळं मिळतं. त्या क्षणी ते चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत एका समुपदेशक बाईंसमोर बसले होते. टेबलावर चहाचे तीन कप आणि त्या बाईंची फाइल होती.

"वैर जुनं दिसतंय," समुपदेशक बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "तुमच्या आई आणि यांच्या आई, दोघींना एका खोलीत आणायचं तर किमान सहा महिने धरून चाला. सुरुवात फोटोपासून करू. आधी त्यांना एकमेकींचे फोटो दाखवायचे. लांबून."

"बाई, एवढा वेळ नाहीये आमच्याकडे," सून काकुळतीला येऊन म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावर गुणगुण सुरू झाली. मुलानं आधी डास समजून हात हलवला. मग वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. पिवळे पंख, निळी शेपटी. गच्चीभोवती एक विमान शिस्तीत घिरट्या घालत होतं.

"हे… हे माझंय," तो पुटपुटला.

"काय तुझंय?"

"विमान. पण ते मेलंय! मी स्वतः मारलंय!"

सूनबाई कठड्याशी धावली. खाली रस्त्यावर एव्हाना गर्दी जमली होती. इमारतीचा सेक्रेटरी बनियनवर रस्त्यात येऊन वर बघत ओरडत होता, "कुणाचं आहे? चौथ्या मजल्याचं काय चाललंय? मी अग्निशामक दलाला फोन लावतोय!" शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी खबरदारी म्हणून पंख्याचं, दिव्याचं आणि टीव्हीचं बटण बंद केलं.

दहाव्या घिरटीला विमानाची बॅटरी संपत आली. पंखा थांबला. पण उरल्यासुरल्या चार्जवर डबी शुद्धीवर होती. तिनं विमान तसूभरही कलू न देता पाण्याच्या टाकीवरून खाली आणलं, वाळत घातलेल्या चादरीखालून काढलं आणि टेबलावर उतरवलं. दोन कप उजवीकडे गेले, एक डावीकडे. विमानाचं नाक समुपदेशक बाईंच्या फाइलमध्ये शिरून थांबलं. त्या स्वतः टेबलाखाली होत्या.

 मुलानं बोट लांबवून पंखाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. चार मजले धावत चढून दोन्ही विहिणी गच्चीत घुसल्या. एकीच्या डोक्यावर हेल्मेट, दुसरीच्या हातात रिमोट, आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरलेले. समोर कोण आहे ते न बघताच दोघी एका सुरात ओरडल्या, "पंख शाबूत आहे ना?"

मग त्यांनी समोर बघितलं.

 मुलगा म्हणाला, "आई, तुझा गुडघा?"

"तू ऑफिसात नाहीस?" ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"मम्मी!" सूनबाई किंचाळली. "तू यांच्या स्कूटरवर… म्हणजे या तुझ्या स्कूटरवर? हातात हात?"

शिवणबाईंनी गडबडीनं हात सोडला. मग आता काय उपयोग, असा चेहरा करून पुन्हा धरला.

टेबलाखालून समुपदेशक बाईंचं डोकं बाहेर आलं. "या दोघी कोण?"

"याच त्या," मुलगा म्हणाला.

"सहा महिने लागतील त्या?"

"हो."

समुपदेशक बाईंनी विहिणींकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आणि फाइलमधून विमानाचं नाक हळूच बाहेर काढून फाइल मिटली.

मग सगळं बाहेर आलं. माळा, इस्त्री, डबी, गुरुवार. सूनबाई कपाळाला हात लावून ऐकत होती. "दीड वर्ष? दीड वर्ष मी एकाच माणसाच्या वाढदिवसाला दोनदा स्वयंपाक करतेय! मम्मी, तुला लाज नाही वाटली?"

"वाटली गं," शिवणबाई खाली बघत म्हणाल्या. "पण दोन्ही वेळचं जेवण छान असायचं असं विहीणबाई सांगायच्या."

"पण तुम्ही या बाईंना कशाला बोलावलंत?" ऑपरेटरबाईंनी सुनेला विचारलं. "आम्ही भांडत होतो तर तुमचं काय अडलं होतं?"

सूनबाई नवऱ्याकडे बघू लागली. नवरा विमानाकडे बघू लागला. शेवटी तीच म्हणाली, "आम्हाला तुम्ही दोघी हव्या होतात, आई. एकाच घरात. मला तिसरा महिना लागलाय."

ऑपरेटरबाईंच्या हातातला रिमोट गळून पडला. शिवणबाईंनी हेल्मेट काढायला हात वर नेला तो तसाच राहिला. विमान गावावर सुटलं तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का दोघींना आता बसला होता. मग ऑपरेटरबाईंचे डोळे भरून आले, शिवणबाईंनी लेकीला कुशीत घेतलं, आणि सगळं गोड होणार असं वाटत असतानाच शिवणबाई म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस. मी आई आहे तुझी."

"तुम्ही आई, मग मी कोण?" ऑपरेटरबाईंनी डोळे पुसता पुसता विचारलं. "मी याच घरात राहते. मला सांगितलं नाही, ते?"

"राहता म्हणजे काय? ओळखता नाही आलं तुम्हाला? कंबरेचं माप मी नुसत्या नजरेनं घेते. इथे असते तर पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं!"

"मग बाळाला रात्री कोण घेणार ते आत्ताच ठरवू. मी घेणार. रात्रपाळीची सवय आहे मला!"

"तुम्ही? तुमच्या घोरण्यानं बाळ दचकेल!"

"मी घोरते? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! मागच्या गुरुवारी!"

जुंपली. आणि या वेळी खरीखुरी. सेक्रेटरी तणतणत वर आला होता, तो दारातूनच दबकत मागे फिरला. सूनबाई घाबरून समुपदेशक बाईंना म्हणाली, "बाई, काहीतरी करा ना!" बाईंनी फाइल पुन्हा उघडली आणि पेन शोधू लागल्या.

पेन सापडेपर्यंत भांडण संपलं होतं. आधी आवाज खाली आले, मग दोघी आत गेल्या, मग मुलाच्या झोपायच्या खोलीतून सामान सरकवल्याचा आवाज आला.

"हीच बरी," ऑपरेटरबाई म्हणत होत्या. "उजेड येतो. दोन पलंग बसतील, मधे पाळणा."

"आणि खिडकीशी माझं मशीन. अंगडी-टोपडी शिवायला उजेड लागतो."

"मग मुलं कुठे झोपतील?"

"हॉल आहे की एवढा मोठा. तरणीताठी आहेत."

"आई, पण अजून सहा महिने आहेत!" मुलगा दारातून कळवळून म्हणाला.

"म्हणून तर आत्तापासून नको का तयारीला लागायला?" दोघी एकदम म्हणाल्या आणि त्यांनी पलंगाचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

संध्याकाळपर्यंत शिवणबाईंचं मशीन, चार ट्रंका आणि कापडाचे गठ्ठे येऊन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून हॉलमध्ये शिवणक्लासच्या मुली बसल्या. स्वयंपाकघरात दोन्ही विहिणी सुनेला मधे बसवून, तिनं काय खायचं आणि काय नाही यावर एकमतानं तिला दम देत होत्या. मुलानं फोन घेतला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. घरात त्याच्या वाट्याला तेवढी एकच खोली उरली होती.

"बाई," तो दबक्या आवाजात समुपदेशक बाईंना म्हणाला, "दोघींना पुन्हा वेगळं करायचं असेल, तर काय करावं लागतं?"