आधी श्वास, मग सूर

बबनदादा आमच्याकडे जेवायला बसले, की आधी ताट वाजवून बघतात. चमच्याने, कानाशी धरून. मग वाटी, मग पेला. भाजी निवत असते आणि ते मोबाइलवर आवाज भरून घेत म्हणतात, "दाजी, माल चांगलाय."

दाजी म्हणजे मी. दादा माझ्या बायकोचे थोरले भाऊ. तीस वर्षं बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. मग मालकाने कीबोर्ड आणला आणि दादांना नारळ दिला. म्हणाला, "यात क्लॅरिनेट आहे, आणि ती चहा पीत नाही." दुसऱ्या कुणी कीबोर्डचं तोंड बघितलं नसतं; दादांनी कॉम्प्युटर घेतला. हाटकेश भागातल्या आपल्या वन रूम किचनमध्ये आता ते आवाज बनवतात. कुठलाही आवाज भरायचा, कापायचा, कीबोर्डच्या पट्टीवर बसवायचा. पट्टी दाबली की तोच वाजतो.

माझं घोरणं दोन सप्तकं खाली उतरवून त्यांनी बोटीचा भोंगा केला. वर मलाच विचारलं, "एवढा खर्ज असून गात का नाही?" बायको इतकी हसली, की मी आठवडाभर कुशीवर झोपलो.

पण खरा जीव एकाच कामात होता. आमच्या लेकीला, प्राचीला, लहानपणी शब्द दिलेला: तुझ्या हळदीत मामा क्लॅरिनेट वाजवणार. आणि आता दादांना दमा. डॉक्टरांनी फुंकायलाच बंदी केली. तरी रोज एकच सूर फुंकायचा, भरून घ्यायचा आणि दम्याचा पंप तोंडात धरून बसायचं. पाच महिन्यांत अख्खी क्लॅरिनेट कॉम्प्युटरात आली. फक्त प्रत्येक सुराआधी दादांचा श्वास ऐकू यायचा. सूं... मग सूर.

"दादा, ते कापा ना."

"माणूस आधी श्वास घेतो, दाजी, मग वाजवतो. श्वास कापायचा नाय."

हळदीच्या सकाळी, भाईंदरच्या हॉलमध्ये कीबोर्डवाल्या जिग्नेशने दादांची क्लॅरिनेट लावून दोन ओळी वाजवल्या आणि हात वर केले. "अंकल, सूर लेट आ रहा है. पहले ये सूं सूं आता है." ढोलकी पुढे, क्लॅरिनेट मागे. पाहुणे हसायला लागले. व्याही माझ्याकडे बघायला लागले.

"जरा आधी दाब ना बाबा, जमेल," दादा म्हणाले.

मी पडलो मुलीचा बाप. मला ढोलकीपेक्षा व्याह्यांची भुवई मोठी दिसत होती. म्हणालो, "जिग्नेश, काट दे."

त्याने दोन मिनिटांत श्वास उडवला. सूर चोख आले, हॉल नाचला. व्याह्यांनी जिग्नेशची पाठ थोपटली, "काय वाजवतोस रे!" मीही टाळ्या वाजवल्या. वाजवण्यातलं मला तेवढंच येतं.

दादा कडेच्या खुर्चीवर हळदीची वाटी घेऊन बसले होते. ती त्यांनी वाजवून बघितली नाही. मी काहीतरी बोलायला म्हणून जवळ गेलो आणि तिथेच थांबलो.

प्रत्येक ओळीच्या जरासं आधी, खोकला दाबत, प्राचीकडे बघत, दादा छाती भरून श्वास घेत होते. एकही ओळ चुकली नाही.